इस्त्रीवालीचा नवरा

माझं शिक्षण सातवी, तीही दोनदा बसून. कराडला बसस्टँडच्या मागं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यात आयुष्य गेलं. मराठी वाचतो, ओळीखाली बोट ठेवून. इंग्रजीचं म्हणाल तर सायकलच्या सुट्या भागांच्या डब्यावर जेवढं छापलेलं असतं तेवढं. तरी अमेरिकेतल्या एका बाईवरची साडेनऊ पुस्तकं मला तोंडपाठ आहेत. एकूण दहा. राहिलेल्या अर्ध्या पुस्तकासाठी मी यंदा जर्मनीला आलो. मुलाला वाटतं, त्याच्या आग्रहामुळं आलो. वाटू दे.

मुलगा रेगेन्सबर्गला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तिसऱ्या मजल्यावर घर, दोन खुर्च्या आणि तुळशीची एक कुंडी मावेल एवढी बाल्कनी. आम्हाला व्हिसा मिळतो नव्वद दिवसांचा, म्हणून दर उन्हाळ्यात यायचं आणि दिवस भरले की परत जायचं. असे पाच उन्हाळे आम्ही नवराबायको आलो. यंदाचा सहावा. यंदा मी एकटा.

पहिल्या उन्हाळ्यात मला इथं राहवत नव्हतं. सकाळी मुलगा-सून कामाला, नात शाळेत. घरात फ्रिजचा आवाज तेवढा. मी बाल्कनीत बसून खाली लावलेल्या सायकली बघायचो. महागाच्या सायकली, आणि साखळ्या कोरड्या ठक्क. जीव तुटायचा.

बायको बालवाडीत शिकवायची. मॅट्रिक झालेली, आणि डिक्शनरी घेऊन बसायचा नाद. एक दिवस ती फिरून आली ती पिशवीत दोन इंग्रजी पुस्तकं घेऊन.

"अहो, फुकट आहेत."

"फुकट काही नसतं. कुठनं उचललीस?"

"कोपऱ्यावर काचेचं कपाट आहे ना, त्यातनं. सगळे नेतात."

"सगळे नेतात म्हणून आपण न्यायचं? परक्या देशात, ह्या वयात चोरी! मुलाची नोकरी घालवशील."

नात तेव्हा दहा वर्षांची. ती मध्ये पडली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते जर्मनमध्ये. तिनं जे सांगितलं ते सुनेनं संध्याकाळी उलगडून दिलं. ते कपाट लोकांसाठीच असतं. वाचून झालेलं पुस्तक लोक त्यात ठेवतात, हवं ते नेतात. कुलूप नाही, शिपाई नाही, सही नाही. माझा विश्वास बसला नाही. बायकोनं तरी स्वतःचा नियम केला: नेलेलं पुस्तक परत ठेवायचं, आणि नेलं त्यापेक्षा बरं करून ठेवायचं. सुटलेली पानं डिंकानं चिकटवायची आणि बालवाडीतल्यासारखं खाकी कव्हर घालायचं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती बाल्कनीत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "ऐका."

अमेरिकेच्या खालच्या अंगाला, दक्षिणेकडं, एक लहान गाव. उकाडा असा की इस्त्री केलेला शर्ट दारातून बाहेर पडेपर्यंत पाठीला चिकटतो. एक मोठा रस्ता, एक चर्च, एक कोर्ट आणि बाकी सगळ्या चौकशा. त्या गावात एका बाईचं कपडे धुवायचं आणि इस्त्रीचं दुकान. सगळ्यांचे कपडे तिच्याकडं येतात. डाग कसला ते ती बघून सांगते, खिशात काय राहिलं ते तिला ठाऊक. गावात कुणाचा खून झाला की फौजदाराच्या आधी हिला कळतं कुणी केला.

मी जांभई दिली. "बायकी गोष्ट आहे," मी म्हणालो. "आणि काय गं, तिच्या घरात पुरुष नाही का? एवढ्या धुण्याच्या मशिनी, त्या बिघडल्या की बघतं कोण?"

ती थांबली. पुस्तकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आहे ना नवरा. मागच्या अंगणात असतो. मशिनीच बघतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आत्ता तर आला तो."

तिथून मी सावरून बसलो, तो पाच उन्हाळे उठलो नाही.

नवरा मला पहिल्यापासून आवडला. कमी बोलायचा, आणि बोलला की समोरच्याचं तोंड उतरायचं. शिकलेला नव्हता. मशीन सुरू केलं की आवाजावरून सांगायचा कुठलं बेअरिंग गेलंय. तिसऱ्या पुस्तकात मास्तरचा खून झाला, तेव्हा फौजदार सगळ्या गावाला प्रश्न विचारत फिरला. ह्या गड्यानं मास्तरची सायकल बघितली आणि म्हणाला, सीट चार बोटं वर आहे, म्हणजे शेवटची ही सायकल दुसऱ्याच कुणा उंच माणसानं चालवली. मी खुर्चीतून उठलो.

"बघ! मी पण हेच म्हटलं असतं!"

"हो का?" बायको म्हणाली. "कमाल आहे."

एवढा आवडता माणूस आणि त्याला नाव नाही. एकदा मी विचारलं, त्याचं नाव काय? ती म्हणाली, "बायको नवऱ्याचं नाव घेते का?"

"अगं, ती अमेरिकेतली!"

"असू दे की. चांगल्या घरातली आहे."

बरोबर आहे म्हटलं. आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती, आणि लग्नातला उखाणा सोडला तर बायकोच्या तोंडून मी माझं नाव ऐकलेलं नाही. अहो, किंवा हे. इस्त्रीवालीच्या नवऱ्यालाही ती 'हे' म्हणायची. हे आले, हे चिडले, ह्यांना चहा लागला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाचव्या पुस्तकात मात्र मी त्याच्यावर चिडलो. चर्चच्या जेवणावळीत, चार लोकांसमोर, भाजीत मीठ नाही म्हणून तो बायकोवर खेकसला. मी म्हणालो, "हा उद्धट आहे. चारचौघांत बायकोला असं बोलतात का?"

बायकोनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. माझ्याकडं बघितलं.

"नाही ना बोलत?"

"छे!"

"बरं झालं, तुम्हीच म्हणालात."

आणि हसायला लागली. अशी हसली की खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हातारीनं खिडकीतून मान वर काढून बघितलं. इथं दुपारी आवाज चालत नाही. सहाव्या पुस्तकात तो नवरा बायकोला म्हणाला, चुकलं माझं. मला ते जरा खोटं वाटलं. असं कुणी म्हणत नाही.

पुस्तक संपलं की बायको खोडरबर घेऊन बसायची. एकेक पान उलटायचं, कडेला घासायचं, फुंकायचं. मांडीवर रबराचा चुरा. मला वाटायचं, लोकांनी केलेले डाग काढतेय. मग खाकी कव्हर घालून पुस्तक कोपऱ्यावरच्या कपाटात. पुढं कधीतरी तिथंच पुढचं पुस्तक सापडायचं. ह्या वस्तीत कुणीतरी आमच्या पुढं वाचत होतं आणि झालेलं पुस्तक ठेवत होतं. कोण ते कधी कळलं नाही. बायको कपाटासमोरून जाताना हात जोडायची. देवळासमोर जोडतात तसे. मी म्हणायचो, लोक बघतायत. ती म्हणायची, बघू देत.

गेल्या उन्हाळ्यात दहावं पुस्तक. शेवटचं. चर्चच्या जत्रेत बायका गोड कणकेचे भरलेले केक करून आणतात, त्यांना नंबर देणारा माणूस चर्चमागच्या खोलीत मरून पडलेला. डोक्यात पाना मारलेला. आणि पाना कुणाचा? इस्त्रीवालीच्या नवऱ्याच्या पेटीतला. फौजदार दुकानात आला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला घेऊन गेला. ती बघत राहिली आणि हातातली इस्त्री कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर तशीच राहिली. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातून शर्ट जळला.

इथं बायकोनं पुस्तक मिटलं. आमचं विमान दुसऱ्या दिवशी.

"सांग की पुढं."

"बॅगा कोण भरणार?"

"दोन शब्दांत सांग. सोडला का त्याला?"

"दोन शब्दांत सांगायला मी काय तार आहे? पुढच्या वर्षी. इथंच, ह्याच खुर्चीत."

बसचं तिकीट खूण म्हणून घातलं आणि पुस्तक खोलीतल्या कपाटावर ठेवलं. कराडला न्यायचं नाही म्हणाली, कोपऱ्यावरच्या कपाटातलं आहे, परत ठेवायचंय.

हिवाळाभर मी तिच्या मागं लागलो. चहा घेताना, भाजी आणायला जाताना. सोडला का? "पुस्तक तिकडं आहे." अगं, पण तुला माहीत आहे ना? "मला माहीत आहे. बसू दे त्याला जरा कोठडीत. बायकोशिवाय कसं वाटतं, कळू दे."

पौषात एका सकाळी ती मेथी निवडत बसली होती. म्हणाली, बरं वाटत नाही. भिंतीला टेकली. मी रिक्षा आणायला धावलो, आणि रिक्षा दारात आली तेव्हा नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मेथी शेजारीण घेऊन गेली. एवढंच लिहितो. ह्याच्यावर जास्त लिहायला मला येत नाही आणि यायला नको.

मुलगा म्हणाला, बाबा, चला माझ्याबरोबर. मी म्हणालो, येत नाही, तिथं काय आहे माझं? पुढं दोन महिने नाहीच म्हणत होतो. मग एकदा दाढी करताना एकदम आठवलं की तो गडी अजून कोठडीतच आहे. त्याला तिथं ठेवून ही गेली. आणि तो सुटला की नाही हे मला सांगणारं आता त्या एका पुस्तकाशिवाय कुणी नाही. मुलाला फोन केला, तिकीट काढ म्हणालो.

आलो. पुस्तक कपाटावर होतं, बसच्या तिकिटासकट. तीन आठवडे त्याला हात लावला नाही. कुणाला विचारायचं? मुलगा घरी येतो तेव्हा त्याचे डोळे मिटत असतात. सुनेसमोर सासऱ्यानं म्हणायचं, मला गोष्ट सांग? खालची म्हातारी एकदा आलुबुखाराचा केक घेऊन वर आली. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बोट करून भुवया उंचावल्या. मी आभाळाकडं बोट केलं. ती त्या खुर्चीत न बसता दाराशीच बसली, पायरीवर बसावं तशी. भली बाई आहे. पण इंग्रजी तिलाही येत नसावं.

राहिली नात. आता पंधराची. शाळेत इंग्रजी पहिल्या नंबरात. मी पुस्तक तिच्यापुढं धरलं.

"हे मला वाचून सांगशील? मराठीत."

ती घाबरली. "माझी मराठी श्लेष्ट आहे, आजोबा." वाईट आहे म्हणाली.

"माझी पण आहे. बस."

तिकिटाच्या पानापासून सुरुवात केली. ती मनात वाचायची, ओठ हलायचे, मग एकेक शब्द जुळवून काढायची.

"आल्झो... म्हणजे... तो माणूस बसलाय. कोठडीत. तो चर्च साफ करतो."

"साफ करत नाही. मशिनी दुरुस्त करतो."

"नाइन, नाही आजोबा. हाउसमाइस्टर. चर्चचा माणूस. झाडतो, दिवे बदलतो."

"नीट वाच. इस्त्रीवालीचा नवरा आहे तो."

तिनं पान मागं केलं, पुढं केलं. "नवरा नाही."

"नाही म्हणजे?"

"मेलाय."

मी उभा राहिलो. "कधी? कोठडीत?"

"नाही, नाही. आधीच. एकदम आधी." तिनं फोन काढला, बोटं चालवली, मला दाखवलं, जसं काही मला वाचता येणार होतं. "पहिल्या पुस्तकाच्या आधी मेला. सगळ्या पुस्तकांत ती एकटी आहे. विटवे." आणि मराठी शब्द शोधून म्हणाली, "विधवा."

मग मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण बोललो तर लिहायला पाहिजे. म्हणालो, तुला मराठी येत नाही, इंग्रजी येत नाही, नुसता फोन येतो. आजीची सर तुला सात जन्मांत यायची नाही. तिनं पुस्तक हळूच खुर्चीवर ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.

संध्याकाळी सून आली. "अहो बाबा, काय झालं? ती जेवत नाहीये."

"विचार तिलाच," मी म्हणालो. मीही जेवलो नाही. साडेनऊ पुस्तकं ज्याच्यासाठी ऐकली तो माणूस कधी नव्हताच म्हणे. सायकलची सीट त्यानं बघितली नव्हती. चुकलं माझं असं तो म्हणाला नव्हता. एका वर्षात माझ्या घरातली दोन माणसं गेली, असं झालं मला. आणि बायकोचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन नात बाल्कनीच्या दारात उभी राहिली. माझ्याकडं न बघता, हातात पुस्तक.

"इथं कडेला पेन्सिलनं लिहिलंय. आजीनं. मला ही अक्षरं येत नाहीत."

मी चष्मा लावला. तो जो चर्चचा झाडूवाला पकडला जातो, त्या ओळींच्या शेजारी, कोऱ्या पट्टीत, बालवाडीतल्या फळ्यावरचं असतं तसं गोल अक्षर. बोट ठेवून वाचलं.

*याच्या जागी हे.*

नातीला म्हटलं, उलट पान. तिकिटाच्या पुढचं उलट. पुढच्या पानावर होतं. त्याच्या पुढच्यावर होतं. शेवटापर्यंत होतं. बायको सगळं पुस्तक आधी वाचून तयारी करायची, बालवाडीत उद्याच्या धड्याची करायची तशी.

*पान्यांचे नंबर यांना विचारून घेणे.* विचारले होते! गेल्या उन्हाळ्यात, कांदा चिरता चिरता. मी म्हणालो होतो, तुला कशाला हवेत? म्हणाली होती, सहज.

*फार लांबवू नये. यांना चार वाजता चहा लागतो.*

*इथे हे ओरडतील. ओरडू द्यावे.*

हे मी मोठ्यानं वाचलं. नात म्हणाली, "हे म्हणजे कोण? तुम्ही?"

"मीच."

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी बरोबर. "काल ओरडलात."

आणि मी म्हणालो, "चुकलं माझं." तोंडातून निघून गेल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी कुठं ऐकलं होतं.

मग तो रबराचा चुरा आठवला. नऊ पुस्तकांच्या कडांवर तिनं मला लिहिलं होतं आणि नऊ वेळा खोडून, फुंकून, कव्हर घालून, परक्याची वस्तू स्वच्छ करून परत ठेवली होती. पहिल्या दिवशी मी जांभई दिली आणि घरात पुरुष नाही का म्हणून विचारलं. बस, तेवढ्यावरून. कदाचित विधवेची गोष्ट नवऱ्याजवळ बसून सांगणंही तिला नको वाटलं असेल. ती असल्या गोष्टी मानायची. आणि मी बावळट, साडेनऊ पुस्तकं स्वतःचंच कौतुक करत बसलो. हा माणूस हुशार आहे, हा माणूस उद्धट आहे. किती हसली असेल मनात.

मग आमचं काम सुरू झालं. रोज दुपारी, चहाच्या आधी. छापलेलं नात वाचणार, पेन्सिलीचं मी. तिला माझी अक्षरं येत नाहीत, मला तिची येत नाहीत. ती म्हणायची, "आता फौजदार हाउसमाइस्टरला विचारतो." मी कडेला बघून म्हणायचो, "हे उत्तर देत नाहीत. तंबाखू मागतात." ती विचारायची, कोठडी म्हणजे सेल का, जामीन म्हणजे काय, आळ म्हणजे काय. मी सांगायचो. चौथ्या दिवशी ती आपल्या आईला म्हणाली, "आई, हळू बोल, आमची गोष्ट चाललीय." पूर्ण मराठीत. सून ओट्यापाशी उभी होती ती तशीच राहिली, हातात डाव.

खुनी कसा सापडला ते सांगतो, कारण त्यात बायकोनं काही बदललं नव्हतं, ते मुळातच चांगलं आहे. इस्त्रीवालीनं कुणाच्या कपड्यांवर डाग आहे ते बघितलंच नाही. कुणाचे कपडे त्या आठवड्यात आलेच नाहीत ते बघितलं. चर्चमध्ये पेटी वाजवणारी बाई, जिची टेबलाची चादर दर सोमवारी यायची, तिनं त्या सोमवारी ती घरीच धुतली, रक्ताचा डाग होता म्हणून. झालं. नात टाळी वाजवून ओरडली. खालची खिडकी उघडली. मी वाकून हात जोडले, तशी म्हातारीनं हात हलवला. खिडकी उघडीच ठेवली.

शेवटचं पान. नातीनं आधी छापलेलं वाचलं. झाडूवाला सुटतो. इस्त्रीवाली त्याच्यासाठी धुतलेला शर्ट घेऊन जाते. गावात लोक तिच्याशी बोलतात, ती सगळ्यांशी बोलते. मग दुकानात येते, मशिनी बंद करते, घराच्या ओसरीवर एकटी बसून चहा पिते. संपलं.

"आता तुम्ही," नात म्हणाली.

कडेला जास्त लिहिलेलं होतं, आणि खोडाखोड होती. आधी लिहिलं होतं, *ती धावत जाऊन मिठी मारते.* त्यावर आडवी रेघ. मग *ती रडते.* त्यावरही रेघ. त्याखाली:

*हे सुटतात. चालत घरी येतात. ती इस्त्री करत असते. वर बघत नाही. "जेवलात का?" एवढेच विचारते. इथे थोडे थांबावे.*

मी थांबलो. तिनं लिहिलं होतं म्हणून नाही.

दुकान बंद करून घरी आलो की रोज हेच. हात काळे, दारात चप्पल, आणि आतून आवाज, जेवलात का. दुपारचा डबा तिनंच दिलेला असायचा, तरी विचारायची. मी कधी धड उत्तर दिलं नाही. ते शेवटचं पान वाचलं त्या दिवशी दुपारी मी भात, वरण, दोन पोळ्या खाल्ल्या होत्या. तसं सांगितलं, मोठ्यानं, सगळं. 

मग प्रश्न आला पुस्तक परत ठेवायचा. नात उठून खोडरबर घेऊन आली. आजीचा नियम तिला माहीत होता, तिनं आजीला घासताना बघितलं होतं. मी रबर हातात घेतला. पुस्तक आपलं नाही, हे खरं. कुणीतरी विश्वासानं ठेवलेलं. पण नाही झालं. रबर खिशात घातला आणि म्हणालो, हे एक मी चोरतो. देवाला आणि त्या कपाटाला काय सांगायचं ते मी सांगेन. नातीनं आपलं एक आवडतं पुस्तक काढलं, दोघांनी मिळून त्याला खाकी कव्हर घातलं. तिला कोपरे दुमडता येत नव्हते, मी शिकवले. कपाटात ते ठेवून मी हात जोडले. ज्यानं ती दहा पुस्तकं ठेवली त्याला, आणि जिनं ती मला बदलून सांगितली तिला. लोक बघत होते. नातीनंही जोडले.

व्हिसाचे अजून अठ्ठावीस दिवस आहेत. पहिलं पुस्तक नातीनं वाचनालयातून आणलं, जर्मन भाषेतलं, माझ्यासाठी त्यानं काही फरक पडत नाही. काल दुपारी ती आजीच्या खुर्चीत बसली. मी बस म्हणालो होतो. कोरं पुस्तक, कडेला काही नाही. तिनं पहिलं पान मनात वाचलं आणि मान वर केली.

"सकाळ आहे. ती दुकान उघडते. एकटीच." पुस्तक मांडीवर ठेवलं. "आजोबा, नवरा घालू का? मला येईल."

"नको," मी म्हणालो. "आहे तसं सांग. ती एकटी कसं करते ते मला ऐकायचंय."